गिरिजाची शिकवणी

मुनिरका, नवी दिल्ली
३१ जानेवारी २००१

प्रिय भालू,

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. एखादा शब्द अडला तर आईला विचार, पण पत्र शक्यतो एकट्यानंच वाच. परवा तुझा फोन आला तेव्हा मी खाली घरमालकांच्या खोलीत उभी होते. त्यांची सून शेजारीच मटार सोलत बसली होती, त्यामुळे तू जे मागितलंस त्यावर मी नुसतं "बघते" म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं, तुलाही कळलंच असेल. आज माझे बाबा मला भेटायला इकडे आले आहेत आणि संध्याकाळी फरीदाबादला परत जातील. पत्र त्यांच्याच हाती देते, म्हणजे आजच तुला मिळेल.

तू सांगितलंस की सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन चालू असताना पायाखाली काहीतरी हललं आणि तुला वाटलं, आपल्यालाच चक्कर येते आहे. मग बऱ्याच वेळानं तुमच्या प्रिन्सिपल सरांनी माईकवर गुजरातचं सांगितलं, आणि सगळी लाइन मागे वळून तुझ्याकडे बघायला लागली, कारण तुझ्या पायाची गोष्ट वर्गाला माहीत आहे. भालू, सव्वासात वर्षांपूर्वी अशीच एक लाइन वळून माझ्याकडे बघत होती. शाळा दुसरी, पण गाव तेच, फरीदाबाद. आणि तिनं खरं तर जिच्याकडे बघायला हवं होतं ती माझ्यापुढेच उभी होती. तुझी अक्का, गिरिजा.

तेव्हा आम्ही आठवीत होतो. आमची मैत्री नव्हती. एका वर्गात दोघी मराठी, एवढंच. माझे बाबा कारखान्यात इंजिनिअर, तुझे बाबा त्याच कारखान्यात वेल्डर. आम्ही नव्या सेक्टरमधल्या बंगलीत राहायचो. समोर रोज नवं घर उभं राहत होतं, सगळीकडे सिमेंटची धूळ. तुमची खोली जुन्या वस्तीत. गिरिजा वर्गात कमी बोलायची, आणि बोलली तर हरियाणवी मुलींसारखी ठसक्यात. सोलापूरच्या बाजूचे आहेत कुणीतरी, इतकंच मला माहीत होतं. तुझं तर नावही ऐकलेलं नव्हतं. खोली एकच आणि आई शिवणाच्या कामाला जाणारी, म्हणून तू गावी आजीआजोबांकडे वाढत होतास.

तीस सप्टेंबरचा गुरुवार होता. प्रार्थना झाल्यावर मोठ्या मॅडमनी सांगितलं की पहाटे महाराष्ट्रात फार मोठा भूकंप झाला आहे, रेडिओवर बातमी आहे, गावंच्या गावं गेली आहेत. त्यांनी लातूर म्हटलं, उस्मानाबाद म्हटलं, किल्लारी म्हटलं. ही नावं त्या मैदानात कुणालाच ओळखीची नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती. पण मी महाराष्ट्राची, म्हणून सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी घाईघाईनं सांगितलं की आम्ही पुण्याचे, आमचं तिकडे कुणी नाही. तेव्हा माझ्यापुढे उभ्या असलेल्या गिरिजाची वेणी मला दिसत होती. ती जराही हलली नाही. दोन मिनिटं मौन पाळलं, आणि आम्ही रांगेनं वर्गात गेलो.

मधल्या सुट्टीत तिनं माझी बाही धरली. म्हणाली, माझ्याबरोबर एस्टीडी बूथवर येतेस का? शाळेबाहेर जायची परवानगी नसायची, पण तिचा चेहरा बघून मी निघाले. रस्त्यात तिनं सांगितलं. गाव किल्लारीपासून चार-पाच मैलांवर. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं जड छप्पर. आत आजी, आजोबा आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ. गावात फोन नव्हता. उमरग्याला एका नातेवाइकांच्या दुकानात होता, तो नंबर तिला पाठ होता. बूथवाल्यानं परत परत फिरवला. लाइन लागतच नव्हती. शेवटी त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "बेटी, उधर कुछ बचा होगा तब ना घंटी बजेगी." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण हे वाक्य तो बोलून गेला. गिरिजानं त्याला "ठीक है, भैया" म्हटलं आणि आम्ही परत आलो. पुढच्या तासाला गणिताची चाचणी होती. तिनं ती दिली.

त्या रात्री तुझे बाबा कर्नाटक एक्सप्रेसनं सोलापूरला निघाले. उभ्यानं गेले असतील. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मला वाटलं होतं गिरिजा शाळेत येणार नाही. ती आली. मी विचारलं तर म्हणाली, घरी आई नुसती दाराकडे बघत बसलीय. मीही तसंच बसले तर तिला कोण उठवणार? शाळा सुटल्यावर जाऊन भाकरी करते.

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नसावं, कारण गिरिजानं हे कधीच कुणाला सांगितलं नाही.

आमच्या वर्गशिक्षिका खुराना मॅडम. त्यांचे यजमान हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्या रुग्णालयातून तीन डॉक्टर आणि तीन नर्सेस त्याच रात्री किल्लारीकडे निघणार होते. सगळे हरियाणा-पंजाबकडचे, एकालाही मराठीचा शब्द येत नव्हता. मॅडमना वाटलं, निघण्याआधी तासभर तरी कुणी त्यांना कामापुरती वाक्यं शिकवावीत. त्यांनी मला बोलावलं, आणि मी गिरिजाला सोबत घेतलं. तिचं गाव तिथलंच आहे हे मी मॅडमना सांगायला निघाले होते, पण तिनं मान हलवून मला गप्प केलं.

वाचनालयात लांब टेबलाभोवती सहा मोठी माणसं वह्या उघडून बसली होती. मी पुस्तकी सुरुवात केली. आपल्याला कुठे वेदना होत आहेत, आपले नाव काय आहे, असं. ते बिचारे लिहीत होते. गिरिजा थोडा वेळ ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली की तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे सरकारी वाटेल, ती बोलायचीच नाहीत. मॅडमनी तिला पुढे केलं. आणि भालू, तुझी अक्का शिकवायला लागली. "कुठं दुखायलंय, माय?" "पानी पायजे का?" "भिऊ नका, आमी हाव." प्रत्येक वाक्य ती आधी सावकाश म्हणायची, मग हिंदीत अर्थ, मग प्रत्येकाकडून म्हणवून घ्यायची. मॅडमच्या यजमानांना 'दुखायलंय' जमेना, 'दुखाले, दुखाले' म्हणत राहिले. तिनं त्यांना पाच-सहा वेळा म्हणायला लावलं. सहा फूट उंचीचे डॉक्टर, आणि ही खांद्यापर्यंतसुद्धा न पोचणारी. तिनं त्यांना असंही सांगितलं की बाया परपुरुषाला हात लावू देणार नाहीत, आधी माय म्हणा, नाव विचारा, घरचं कोण कोण आहे ते विचारा, मग जखम बघा. रडत असतील तर थांबा. आपल्याकडे रडणाऱ्या बाईला मध्येच तोडत नाहीत.

मग एका नर्सनं विचारलं की ढिगाऱ्याखाली लहान मूल असेल आणि ते घाबरून आवाजच देत नसेल, तर त्याला काय म्हणून हाक मारायची?

गिरिजा एकदम थांबली. मी तिच्या शेजारी उभी होते. टेबलाच्या कडेवर तिनं दोन्ही हात टेकवले. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती म्हणाली, "अनजान आवाज से बच्चा और चुप हो जाएगा. आप बोलिए, अक्का आलीय, हात दे रं राजा. उधर हर घर में एक अक्का होती है."

सगळ्यांनी खाली मान घालून ते लिहून घेतलं. खुराना मॅडम मात्र तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी विचारलं, बेटा, तुम्हारा वहाँ कौन है?

"भाई है. पाँच साल का," ती म्हणाली. "दादा-दादी भी हैं."

मॅडम उठून तिच्याजवळ यायला लागल्या, तेव्हा तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आगे लिखिए, मॅडम. इन्हें ट्रेन पकड़नी है." आणि खरंच पुढची दहा-बारा वाक्यं तिनं सांगितली. मी तेरा वर्षांची होते, भालू. शूर माणसं कशी असतात ते मी टीव्हीवरच्या परेडमध्ये बघितलं होतं. त्या दिवशी एक माझ्या शेजारी उभी होती, निळ्या स्कर्टमध्ये.

पुढचं तुला माहीत आहे. पाचव्या दिवशी तुझ्या बाबांना तू सोलापूरच्या रुग्णालयात सापडलास, ज्वारीच्या पोत्यांच्या आडोशाला राहिला होतास म्हणून वाचलास. आजी-आजोबा गेले. त्या डॉक्टरांची आणि तुझी गाठ पडली नाही. पण ते परत आल्यावर शाळेत आले होते. गिरिजाला भेटून त्यांनी सांगितलं की त्या वाक्यांनी किती माणसं बोलती झाली ते मोजता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "अच्छा है."

तू फरीदाबादला आलास तेव्हा पायाला प्लास्टर होतं आणि तू छपराखाली झोपायला तयार नव्हतास. नोव्हेंबरच्या थंडीत ती तुला घेऊन अंगणात बाजेवर झोपायची, दोन गोधड्या आणि कानटोप्या. सकाळी शाळेत जांभया द्यायची. आम्ही मैत्रिणी झालो त्या त्याच हिवाळ्यात. ती नर्स झाली तेव्हा इथल्या माझ्या मैत्रिणींना वाटलं, लवकर नोकरी लागते म्हणून हा कोर्स केला असेल. मला मात्र वाचनालयातलं ते टेबल आठवलं.

आता तुझ्या मागणीबद्दल. तिच्या इथल्या रुग्णालयातून येत्या मंगळवारी भूजला तुकडी जाते आहे आणि तिनं नाव दिलं आहे. तू म्हणालास, ताई, अक्काला थांबव, ती तुझं ऐकते. तू पाच दिवस तिच्याशी बोललेला नाहीस हेही तिनं मला सांगितलं. रोज टीव्हीवर तेच पडलेले मजले दाखवतात, आणि त्यातच तुझी बहीण निघाली आहे. तिकडे अजून धक्के बसताहेत हे खरं आहे. तुझी भीती खोटी आहे असं मी बिल्कुल म्हणणार नाही. भीती तिलाही वाटते, काल इथे माझ्या खोलीत बसून चहा पिताना तिनं कबूल केलं. पण मी तिला थांबवणार नाही, भालू. माझ्याच्यानं ते होणार नाही. ती मला म्हणाली, "भालू नको म्हणाला तर मी नाव काढून घेईन. त्याला परत एकदा भीतीत सोडून मी जाणार नाही." आणि ती खरंच काढून घेईल, आयुष्यभर तुला एका शब्दानं बोलून दाखवणार नाही. तिनं तुला हे सांगितलेलं नाही, कारण तुझ्यावर ओझं टाकायचं नाहीये तिला. मी सांगते आहे, कारण आज तू जवळजवळ तेवढाच आहेस जेवढी ती त्या टेबलापाशी होती, आणि मला वाटतं तुला ते पेलेल. शनिवारी ती घरी येईल. काय म्हणायचं ते तू ठरव. पण गप्प राहू नकोस, तिच्याशी बोल.

तुझीच,
तनयाताई