सोफ्यावरची भिंत आणि पाच एक्स्पोजर

१० फेब्रुवारी
कॅमेरा क्लबची सभा. क्लेम पेनबर्थीला पुन्हा पहिला नंबर. फोटो कशाचा, तर पेलिकनचा. चोचीत मासा धरलेला एक पेलिकन. ट्रायपॉड नाही, अभ्यास नाही, एकदा क्लिक केलं की झालं. माणूस खाटीक. कॅमेरा ॲप्रनच्या खिशात ठेवतो आणि त्याच हातांनी सॉसेज भरतो.
मला हेवा वाटत नाही. मी धान्याच्या सायलोवर वजनकाटा सांभाळण्यात आयुष्य काढलं. काट्याला अन्याय चालत नाही, तसा मलाही चालत नाही. एवढंच.

११ फेब्रुवारी
पेलिकन आमच्या फ्रिजवर आला. क्लेमने त्याची छोटी प्रत माझ्या बायकोला, ग्लेनिसला, चॉप्सच्या पुडक्याबरोबर दिली. पुडक्यात दोन चॉप जास्त. स्वतःची बायको मेल्यापासून हा माणूस आमच्या घराला फारच उदार झाला आहे.
ग्लेनिसला सहज विचारलं, की माझा फोटो तू कधी फ्रिजवर का लावत नाहीस? म्हणाली, "नको रे डेन्झिल, आत दूध असतं. नासेल."
मी हसलो नाही.

१३ फेब्रुवारी
वार्षिक स्पर्धेचा विषय जाहीर: 'आपली जेट्टी'. ॲडलेडहून परीक्षक येणार.
घरीही घोषणा झाली. सोफ्याच्या वर खताच्या कंपनीचं कॅलेंडर आहे, ते ग्लेनिस काढणार. तिथे जेट्टीचा एक मोठा फोटो लागेल. तिला आवडेल तो, मग कोणाचाही असो. 'कोणाचाही' म्हणताना तिने फ्रिजकडे बघितलं.
ती भिंत माझ्या घरातली आहे. तिचे हप्ते मी फेडले. तिच्यावर खाटकाचा फोटो लागला तर मी शेडमध्ये राहायला जाईन. स्पर्धेचा कप गेला खड्ड्यात, मला भिंत हवी. कपही हवा आहे, पण आधी भिंत.

१५ फेब्रुवारी
उपाय सापडला. एचडीआर! एकाच दृश्याचे पाच फोटो, म्हणजे पाच एक्स्पोजर, काढायचे, एक अगदी काळोखा, एक अगदी उजळ, बाकीचे मधले. काळोख्यात आकाश नीट येतं, उजळ्यात जेट्टीखालचे खांब. मग कॉम्प्युटर पाचांतलं चांगलं तेवढं घेऊन एक करतो. क्लेमच्या एका फोटोसमोर माझे पाच. हिशेब सरळ आहे.
संकल्प: रोज संध्याकाळी सराव. बिअर बंद.

१६ फेब्रुवारी
फार उकाडा. सराव नाही. बिअर एकच घेतली, औषध म्हणून.

२२ फेब्रुवारी
पहिला एचडीआर तयार. समुद्र जांभळा, ढग लोखंडी, प्रत्येक सीगलभोवती पांढरं वलय. मला भव्य वाटला. ग्लेनिसला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आकाशाला काय झालंय? काही बाधलं का त्याला?"
कलेला काळाच्या पुढे असण्याची किंमत मोजावी लागते.

३ मार्च
जेट्टीवरच ट्रायपॉड लावला. पाचही फोटोंत फळ्या एका जागी राहायला हव्यात, पण कोणी चाललं की जेट्टी हलते. म्हणून खेकडे पकडणाऱ्यांना विनंती केली, की कृपया काही वेळ कोणी चालू नका, शक्य तर श्वासही हळू घ्या. एकजण म्हणाला, "काका, जेट्टी काय बापाची का?" दुसऱ्याने आमिषाचं मच्छीचं डोकं माझ्या बॅगेवर टाकलं. चुकून, असं म्हणाला.
पाचही फोटो हलले. दोष लोकांचा.

१० मार्च
जागा बदलली. आता वाळूवरून, जेट्टीकडे तोंड करून. वाळू हलत नाही. ही कल्पना क्लेमला आयुष्यात सुचली नसती.
ग्लेनिसही हल्ली रोज जेट्टीवर असते, खेकड्यांची जाळी घेऊन. जाळ्यातलं आमिष क्लेमच्या दुकानातलं. का? आमच्या फ्रिजात मांस नसतं का? मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग तू आणून दे ना. आणि माझ्याबरोबर ये. गेल्या वर्षापासून म्हणतेय."
प्रकाश उतरायच्या वेळी मी येऊ कसा शकणार? समजत नाही तिला.

२४ मार्च
आज! असं आकाश वर्षातून एकदा येतं. खाली केशरी, वर निळं, मधे ढगांची एकच पट्टी. वारा पडलेला.
क्लेमही वाळूवर होता, मांस भरलेली पेस्टी खात उभा. त्याला सांगितलं, "मागे राहा, सावली पडते." मुकाट्याने मागे गेला. माणसाला स्वतःची जागा कळली की बरं असतं.
पाचही फोटो घेतले. डोकं पूर्ण वेळ स्क्रीनमध्ये. जेट्टीवरून कोणीतरी ओरडत होतं, मी लक्ष दिलं नाही. एकाग्रता म्हणतात ती हीच.
भिंत माझी आहे.

२५ मार्च
पाच फोटो एक केले. अप्रतिम! फक्त जेट्टीच्या टोकाला एक भूत. असं होतं. पाच फोटोंमध्ये जे हललं ते पुसट आणि अनेक दिसतं. सहा-सात हातांची एक बाई, खेकड्यासारखी. मोठं करून पाहिलं, तर ग्लेनिस. हात कशाला हलवत होती कोण जाणे. माशा असतील.
भुतं काढायचं बटण आहे. दाबलं. ग्लेनिस गेली. जेट्टी स्वच्छ.
थोडा विचार आला मनात. पण ती काय, घरी रोज दिसतेच.
ती फोटो बघायला मागत होती. म्हटलं, स्पर्धेच्या दिवशीच. सरप्राइज आहे. "बरं," म्हणाली आणि बाहेर गेली.

८ एप्रिल
स्पर्धा. हॉल भरलेला. बायकांनी घरून खाण्याच्या भरलेल्या ताटल्या आणल्या होत्या. परीक्षक हार्टविग नावाचे उंच, वाळके गृहस्थ. आपल्याकडे नियम असा, की फोटो पडद्यावर येतो, परीक्षक मोठ्याने मत देतो, आणि फोटो कोणाचा आहे हे शेवटपर्यंत कोणी बोलायचं नाही.
माझा आला. हार्टविग म्हणाले, "तंत्र उत्तम. आकाश सुंदर. पण माणसं कुठे गेली? जेट्टी विकायला काढलीय का?"
लोक हसले. मी नियम पाळून चेहरा दगडासारखा ठेवला.
पुढचा फोटो. क्षितिज तिरकं, आकाश पांढरंफटक जळलेलं. मी मनात म्हटलं, हा गेला. मग नीट बघितलं. पुढे, अगदी जवळ, एका माणसाची वाकलेली पाठ. डोक्यावर हॅट. डोकं कॅमेऱ्यात खुपसलेलं. आणि लांब जेट्टीच्या टोकाला एक बाई. एका हातात ताटाएवढा खेकडा वर धरलेला, दुसरा हात जिवाच्या आकांताने हलवतेय, तोंड उघडं, टाचा उचललेल्या. फोटोचं नाव: 'बघ ना'.
हार्टविग उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "केवढा आनंद झालाय त्या बाईला! आणि हा गाढव बघा."
नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही. पण सगळा हॉल माझ्या हॅटकडे बघत होता. ती माझ्या मांडीवर होती.
पहिला नंबर: क्लेम पेनबर्थी.
गाडीत मी म्हणालो, क्षितिज तिरकं होतं. ग्लेनिस खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढी ओरडत होते मी, डेन्झिल. एवढा मोठा खेकडा उभ्या जन्मात मिळाला नव्हता. म्हटलं, पहिल्यांदा तू बघावास."


१२ एप्रिल
क्लेमचा फोटो भिंतीवर लागला. मोठा, चौकटीसकट. खिळा मीच ठोकला. तिने सांगितलं म्हणून.
शेडमध्ये गेलो नाही. तिथे उंदीर आहेत.
लिहून टाकतो, कोण वाचणार आहे! जळतो मी त्या खाटकावर. नंबरासाठी नव्हे, नंबरासाठी तर आहेच. पण ती हाक मारत होती मला, आणि बघितलं त्याने.
दुपारी माझे पाचही मूळ फोटो उघडले. पहिल्यात, काळोख्यात, तिची नुसती आकृती, हात वर. दुसऱ्यात, तिसऱ्यात हात वर. चौथ्यात खेकडा खाली आलेला. पाचव्यात, सगळ्यात उजळ फोटोत, ती पाठ फिरवून जाळ्याकडे निघालेली.
ग्लेनिसला म्हटलं, क्लेमचं आकाश जळलंय, मी दुरुस्त करून देतो, त्याच्याकडून बाकीची एक्स्पोजर मागून आण. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "बाकीची कुठली? त्याने एकच काढला."

१३ एप्रिल
नवा संकल्प. संध्याकाळी कॅमेरा न घेता किनाऱ्यावर गेलो. मोकळ्या हातांनी. वाळूवर त्याच जागी उभा राहिलो. ग्लेनिस टोकाला जाळं ओढत होती, शेजारी क्लेम बादली धरून. मी हात हलवला. दोन्ही हात हलवले. हॅट काढून हलवली. नावाने हाका मारल्या, घसा बसेपर्यंत.
तिचं लक्ष जाळ्यात. मान वर केली नाही.
क्लेमने बघितलं. बादली खाली ठेवून त्याने मला हात केला.