सॉसच्या खोलीचं दार

खाबुरा, ओमान
सोमवार, १२ मे २०१४

आदरणीय हवाबी खाला यांना साकिबचा सलाम,

गेल्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता हुसेनमामूने सॉसच्या खोलीचं दार तय्यबसाठी उघडलं आणि तिथून माझं सगळं फिरलं. (तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावता, की पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलंय? इकडे सर्व खुशाल, मी सोडून.) हे फोनवर बोलता येत नाही, कारण गल्ल्यापासून भट्टीपर्यंत सगळीकडे मामूचे कान आहेत. एसीवाला मधु आज गावी निघालाय, त्याच्या हाती पत्र देतो. तुमच्याकडून मला काही नको, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या धाकट्या भावाच्या ‘नापोली’ रेस्टॉरंटचा इतिहास तुम्ही ऐकलाय, पण तो मामूच्या तोंडचा. खरा इतिहास मी इथे दोन वर्षं मैदा मळत जमवलाय. (हो, इंजिनियरिंग अर्धवट सोडलं. त्यावर अम्मी पुरेसं बोलली आहे, तुम्ही दम खा.) मामू इटालियन जहाजावर शेफ नव्हता, सात महिने भांडी घासायला होता. भिंतीवरच्या फोटोतला मिशाळ म्हातारा, ज्याला गिऱ्हाइकं मालकाचे इटालियन आजोबा समजतात, तो त्या जहाजावरचा न्हावी. पहिला पिझ्झा म्हणजे सफूरामामीची तांदळाची भाकरी. मग एका वर्षी वादीला (इथली एरवी कोरडी असते ती नदी) पूर आला, टोमॅटोचा ट्रक पलीकडेच अडकला, तेव्हा मामीने तुम्ही पाठवलेली आमसुलं भिजवून सॉसमध्ये ढकलली. गिऱ्हाइकांनी ताटं चाटली. तेव्हापासून अख्खा खाबुरा त्या आंबट चवीलाच इटली समजतो. एकदा रस्त्याच्या कामावरचा एक खरा इटालियन इंजिनियर जेवून म्हणाला, आमच्याकडे असं नसतं. मामू शांतपणे म्हणाला, “दुसऱ्या गावचा असेल.”

तर हा सॉस दार लावूनच करायचा आणि आत फक्त मामू, मामी आणि त्यांची लेक अल्फिया. मामूला मुलगा नाही. त्यामुळे चौथा माणूस ज्या दिवशी आत जाईल तो जावई, हे इथला प्रत्येक कोकणी ओळखून आहे. मी दोन वर्षं त्या दाराबाहेर मैदा मळतोय, अल्फिया गल्ल्यावरून म्हणते, “साकिब, गोल म्हणजे काय ते कॉलेजात शिकवलं नाही का?” आणि तेवढ्यावर माझा दिवस निघतो. आणि हा तय्यब, रुसैलच्या कारखान्यातला स्टोअरकीपर, इस्त्रीचा शर्ट घालून येतो नि सरळ आत! बाहेर आला तेव्हा मधुने त्याला मुबारकसुद्धा दिली. (याच मधुच्या हाती पत्र देतोय, दुसरा इलाज नाही.)

माझं डोकं कसं आहे तुम्हाला ठाऊक आहे. शुक्रवारी आमच्या अर्बाबकडे (ज्याच्या नावावर दुकानाचं लायसन्स आहे तो ओमानी) साठ माणसांची दावत होती आणि सॉस मामूने तय्यबवर सोपवला होता. मी गुरुवारी वर्षभराची आमसुलं उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत बांधली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सोडली. तिथे कोण बघणार? आता करू दे म्हटलं जावईबापूंना सॉस. पिशवीची गाठ सुटली. (मेकॅनिकलला गाठी मारायला शिकवत नाहीत.) मे महिन्यात इथल्या टाकीतलं पाणी कसं असतं, सांगू? चहा टाकावा. आमसुलं रात्रभर अशी काही मुरली की सकाळी नळाला गुलाबी पाणी! मामूने पाइपला गंज चढला म्हणून प्लंबरला बोलावलं. तय्यबला आमसुलं सापडली नाहीत, त्याने घाबरून नुसते टोमॅटो त्याच नळाच्या पाण्यात शिजवले. खाला, असा सॉस ‘नापोली’त आजवर झाला नव्हता. अर्बाबने त्याची पाठ थोपटली. मामू म्हणाला, “हाताला चव आहे पोराच्या.” माझ्या टाकीची चव!

पण मी हटणार नाही. शनिवारी टाकी धुतली, आता पाणी साधं आहे. बघू हाताची चव.

सर्वांना सलाम.
तुमचा भाचा,
साकिब

ता. क. काही नको म्हटलं होतं, पण मधु दहा दिवसांनी परत येईल तेव्हा यंदाची सगळी आमसुलं त्याच्याकडे द्या, आणि पिशवीवर माझं नाव घाला. मामूने विचारलं तर सांगा, यंदा झाडाला रातांबे लागलेच नाहीत.

ता. क. २. वरचं खोडायला वेळ नाही. अल्फिया आत्ता माझ्या गच्चीवरच्या खोलीत येऊन गेली. शुक्रवारी तिने नळाखाली भरून ठेवलेली गुलाबी पाण्याची बाटली टेबलावर आपटली. “अब्बांना मी दाखवू, की तू सांगतोस?” मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं, त्या तय्यबला आत घेतला म्हणून. तर म्हणाली, “मला विचारलंय कोणी? त्याने नाही, अब्बांनी नाही. तू टाकीवर चढलास, माझ्यासमोर यायला काय झालं होतं?”

खाला, खरंच विचारलं नव्हतं. दोन वर्षांत राहूनच गेलं.

ती जिन्यात थांबली आहे. आधी तिला विचारणार, मग ही बाटली घेऊन मामूसमोर उभा राहणार, मग होईल ते होवो. आमसुलं मामूच्याच नावाने पाठवा. जावई कोणीही झाला तरी सॉस लागणारच. (ही शेवटची ओळ बाहेरून, माझ्या खोलीच्या दारावर कागद टेकवून लिहितोय. दार लावलं.)