थोरलीला तहान लागलीय

९ फेब्रुवारी
गावात हळद शिजायला लागली. सगळीकडे वाफ. नांदेड रोडला गजूशेठच्या ढाब्यामागं एक होडी पालथी पडलेली. थांबलो. डाव्या कुशीतली आखूड फळी मी बसवलेली, अस्सल साग, लाकडाची रेघ फळीच्या लांबीनं धरलेली. थोरलीच! मुंबईला होड्यांच्या क्लबात खलाशी होतो तेव्हा शिडांच्या शर्यतीत मी आणि हरी तांडेल हिच्यावरच असायचो.
गजूशेठनं भंगारातून आणली. म्हणतो, "मधून कापतो मामा. अर्ध्यात चहा, अर्ध्यात पानठेला."
म्हटलं, मी तरंगवून दाखवतो.
"होळीपर्यंत तरंगली तं तुमची. न्हाई तं करवत."

१२ फेब्रु.
होडी घरी आणली. रंग खरवडला. वरचा लाल, कंपनीच्या साहेबाचा. त्याखाली निळा, डॉक्टरचा. सगळ्यात खाली पांढरा, पहिल्या मालकाचा, पारशीबाबाचा. मालक बदलला की रंग बदले, नाव बदले. आमी खलाशी मात्र थोरलीच म्हणायचो. पांढरा लागला तशी खरवडणी ठेवून दिली. नुसता बसलो. अंगण हलल्यासारखं वाटत होतं.
सौ. दारातून : "सवतीची अंघोळ झाली असल तं जेवून घ्या."

१७ फेब्रु.
आपल्याकडच्या उन्हानं लाकूड आक्रसलंय. फटीतून उजेड दिसतो. घरच्या कापसाची सुतं वळून फटीत ठोकली. गच्च. असं काम इकडं कुणाला जमायचं न्हाई. हरीला व्हिडिओ पाठवला. तिकडून फोन : "हात लावू नको. येतो."

२१ फेब्रु.
हरी आला, पार अलिबागेहून. गुडघे गेलेत. पाणीसुद्धा न घेता फटीत नख घातलं.
"सुक्या लाकडात इतकं ठासतात? भिजून फुगली का बरगड्या मोडील रं. समुद्र सोडलास, अक्कल पन तिथंच ठेवलीस?"
सगळा कापूस दोघांनी उपसला, परत सैल भरला. त्याचं बराबर होतं. (लिहायला जड जातंय.)

२४ फेब्रु.
इसापूर धरणाच्या उथळात आत दगड ठेवून मुद्दाम बुडवली. हरी म्हणतो, "तहान लागलीय तिला. पिऊ दे."
शेळ्या राखणारी म्हातारी कंबरेवर हात ठेवून : "बुडवायचीच होती तं एवढ्या लांब काहून आणली? गावात विहीर न्हवती व्हय?"
हरी इतका हसला की ठसका लागला.
मग बाभळीखाली दिवसभर जुन्याच गोष्टी. डॉक्टर वारा वाढला की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचा. साहेबाचं लक्ष फोनात. हरी म्हणे, वळण्याआधी ती क्षणभर श्वास धरते, ते एकाही मालकाला कळलं न्हाई. मी म्हटलं, पारशीबाबाला कळायचं. तो म्हणे न्हाई. मी म्हणे व्हय. बोलता बोलता समोरचं पाणी खारं वाटायला लागलं.

२८ फेब्रु.
दगड काढले, पाणी उपसलं. फळ्या फुगून एकमेकींना भिडल्या. नखही जात न्हाई. फक्त तळाशी एक जागा पाझरते. माझ्याच फळीच्या खाली. हरीनं पाहिलं, बोलला न्हाई. बोलला असता तर बरं.

२ मार्च, धरणावर
आज होळी. पाणी आणि आभाळ कुठं जुळतं ते धुक्यात दिसत न्हाई. डोलकाठी उभी केली. पाझर कमी झालाय, थांबला न्हाई. हरीचं मत, अजून दोन दिवस पिऊ द्यावं. पण दोन दिवस आणायचे कुठून. गजूशेठ सकाळीच ट्रॅक्टर घेऊन आला. आत वाकून बघतो :
"मामा, पाणी येऊन राहिलं की!"
हरी : "आमी हाव ना उपसाया."
कळमनुरीकडून वारा उठलाय. शीड फडफडतंय. हरी डबा घेऊन मधे बसला, सुकाणू मला सोडलंय. हाका मारतोय. वही शेळ्यावाल्या म्हातारीकडं देतो अन् जातो