झोपेतला हात

११ जानेवारी
डोळा काळानिळा झालाय. शाळेच्या ऑफिसात सांगितलं — कपाटाचं दार लागलं. मुख्याध्यापिका “हो का?” म्हणाल्या आणि मग दिवसभर माझ्याकडे बघायचंच टाळलं. तीस वर्षांत ज्या नवऱ्याने साधा आवाज चढवला नाही, त्याने झोपेत ठोसा मारला! आणि सकाळी मलाच विचारतात, “कुठे पडलीस?”

१९ जानेवारी
पुन्हा. ह्या वेळी लाथ. स्वप्नात कुत्रा अंगावर आला होता म्हणे. बरं, म्हणजे मी कुत्रा.

२० जानेवारी
नणंदेजवळ फोनवर बोलून बसले. ती म्हणाली, “वहिनी, दादा तोंडाने कधी बोलत नाही. पोटातलं झोपेत बाहेर पडत असेल.” सख्खी बहीण असं म्हणते! तेव्हापासून डोक्यात तेच. कसला राग? मूल झालं नाही त्याचा? की माझ्या जिभेचा? असेल तर समोर बसून सांगावं. झोपेआडून मारण्यात कसला आलाय पुरुषार्थ.

२४ जानेवारी
सांगून टाकलं — पुन्हा हात उठला तर भावाकडे निघून जाईन, परत यायची नाही. हे चादरीची घडी घालत होते. “बरं” म्हणाले. एवढंच!

९ फेब्रुवारी
हात नाही, लाथ नाही. माणसाला धाक लागतो तो असा. म्हणजे इतके दिवस सगळं कळत होतं तर! तेच जास्त झोंबतं. मी मात्र आता आडवी झाले की ढाराढूर झोपते.

२१ फेब्रुवारी
बेकरीत ह्यांच्या हातून दोनदा पाव करपले. भट्टीसमोर उभे असून वास आला नाही म्हणतात. जेवताना घास हातात धरून डुलक्या घेतात. काल शेजाऱ्याचं नाव आठवेना. शेवटी मालकानेच डॉक्टरकडे जायला सांगितलं. मी म्हटलं, “आता हे नवीन नाटक!”

२७ फेब्रुवारी
डॉक्टर पोरगेलासा, पण नीट बोलला. स्वप्न पडत असताना शरीर लुळं पडलेलं असतं. ह्यांचा तो लगाम सुटलाय. राग नाही, आकस नाही, आजार आहे. आणि अशा बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी कंपवात होतो, नाहीतर विस्मरण. वास न येणं हीही त्याचीच खूण असू शकते. “गोळ्या देतो. पण झोप पुरी होऊ द्या. मेंदूची साफसफाई झोपेतच होते.”

मी ऐटीत सांगितलं, महिनाभर हात उठलेला नाही, मी दमच दिलाय. तो म्हणाला, “काकू, दम देऊन हे थांबत नाही.” हे खिडकीबाहेर बघत बसले.

राग असता तर भांडून मोकळी झाले असते. आता भांडू कुणाशी?

२८ फेब्रुवारी
सकाळी सरळच विचारलं. कप खाली ठेवून म्हणाले, “मी झोपतो कुठे? तुझा डोळा लागला की उठून बसतो. हात उठला तर तू निघून जाशील ना.”