ओल्या गादीची कैफियत

ती. ओर्तेन्सिया वन्संना एदुविनाचा वाकून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? आमच्या गादीवर झोपून धरलेली ती कंबर अजून सुटली नसेल, तर आधी नीट टेकून बसा आणि मगच पुढे वाचा, कारण सगळं त्या कंबरेपासूनच सुरू झालं. इकडे आम्ही ठीक आहोत (म्हणजे मी ठीक आहे, तुमच्या भावाचं खाली येईलच).

जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात तुम्ही आलात, एक रात्र झोपलात आणि सकाळी शेजारीण ऐकत असताना म्हणालात, "एदुविना, गाठी झाल्यात गं गादीत. उसवून धुवायची असते अधूनमधून. माहेरी कुणी शिकवलं नाही वाटतं." पण वन्सं, तुमच्या खोऱ्यात उन्हाळा म्हणजे ऊन. आमच्या किनाऱ्यावर जानेवारी आणि जुलै यांच्यात फरक फक्त एका शालीचा. भर उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं उठतं ते घरात शिरून जेवायलाच थांबतं. राजधानीचे लोक अर्ध्या चड्डीत उतरतात आणि दुपारी लोकरी टोप्या शोधत फिरतात. बरं, थंडीत कडाक्याची थंडी पडावी तर तेही नाही. खरं ऊन मिळतं ते ऐन थंडीतच, जूनमध्ये, सान हुआनच्या सणाच्या आसपास, आणि तेही चार दिवस. तेवढ्यात अख्खं गाव धुणं उरकतं.

यंदा ते ऊन आलं. टिकेल का, म्हणून तुमच्या भावाला, लिसांद्रोला विचारलं. त्याने दारात उभं राहून मामंजींसारखा समुद्र हुंगला आणि म्हणाला, "आठवडाभर हलत नाही. घाल सगळी लोकर बाहेर." (तुमच्या घराण्याच्या नाकाचं कौतुक मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.) मी गादी उसवली, लोकर धुतली, अंगणात त्याची जुनी जाळी ताणून तिच्यावर पसरली. आमची जेवणं होईतो धुकं आलं. ते अजून गेलेलं नाही.

आता लोकर घरात आहे: खुर्च्यांवर, दोरीवर, मेरीमातेच्या तसबिरीवर. शेगडीजवळ ठेवावी तर ओल्या मेंढीचा वास सुटतो, लांब ठेवावी तर बुरशी धरते. फळ्यांवर झोपून तुमच्या भावाची पाठ आखडली, तसा तो उशी काखेत मारून नोल्बेर्तो या मित्राकडे निजायला गेला. चौकातून गेला, दिवसाढवळ्या. आता बेकरीत मी शिरले की बायका बोलायच्या थांबतात. रोसेंदाबाई तर सारण भरलेल्या गरम एम्पानादा घेऊन सांत्वनाला आल्या. मी म्हटलं, अहो गादी ओली आहे. त्या म्हणाल्या, "हो बाई, गादीच. तू खाऊन घे."

हसू नका. कोळ्यांच्या संताची, सान पेद्रोची मूर्ती त्याच्या सणाला समुद्रात न्यायचा मान यंदा लिसांद्रोच्या होडीला मिळालाय, मामंजींनंतर पहिल्यांदाच. आणि नियम तुम्हाला ठाऊक आहे, ज्याचा संसार मोडला त्याच्या होडीत संत बसत नाही. उत्सवाचे प्रमुख एवारिस्तोकाका येऊन सांगून गेले, "सणाच्या आत नवरा घरात निजलेला दिसू दे, नाहीतर मूर्ती दुसऱ्या होडीत." गादीची गोष्ट त्यांनाही खरी वाटत नाही. लिसांद्रोने होडी निळी रंगवून ठेवलीय. संध्याकाळी जाऊन नुसता तिच्याकडे बघत बसतो. मला त्याचा संताप येतो, आणि तो तसा बसलेला बघून कीवही येते.

तुम्हाला त्रास द्यायचा मुळीच हेतू नाही. मन मोकळं करावं म्हणून लिहिलं.

तुमची भावजय,
एदुविना

ता. क. ज्या बसने हे पत्र येतंय तिच्या टपावर तीन पोती ओली लोकर आहे. तुम्ही द्राक्षं वाळवता त्या गच्चीवर पसरा आणि सणाच्या आत परत पाठवा.

आणखी ता. क. चौथं पोतं एकट्या असताना उघडा. त्यात गादीतल्या गाठी आहेत. तुम्ही लग्नात आहेर केलेल्या त्या "निव्वळ लोकरीच्या" गादीतून तुमचे जुने मोजे, एक फाटका परकर आणि मामंजींची विजार निघाली. लिसांद्रोला सांगितलेलं नाही. तो अजून बहिणीच्या लोकरीचे गोडवे गातो. चौथं पोतंही लोकरीनेच भरून आलं, तर पुढच्या जानेवारीत तुम्हाला गाठी लागणार नाहीत आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.