बेल दाखवणारा पडदा

माय, आता माह्या कानांचंही तुह्यासारखंच झालं. समोरचा माणूस ओरडला तरी मले नुसतं त्याचं तोंड हालताना दिसते. दिवाळीनंतर सिलिंडरवाला दारातून दोनदा परत गेला. मंग एका दुपारी माहा पोरगा अमरावतीहून फोनवर मेसेज करत राहिला अन् मी इकडे भांडे घासत होती. त्यानं घाबरून शेजारचीले सांगितलं, तिनं कुंपणावरून उडी मारली, गुडघा फोडून घेतला, अन् बोलणी मलेच बसली. पोरगा म्हणे, अकोल्याच्या घराले कुलूप लाव अन् इकडे ये. तिथं टीव्हीच्या खोलीत माह्यासाठी एक दिवाण आहे. दिवाणावर बसून दुसऱ्याच्या आवडीच्या मालिका पाहायले मी अजून मेली नाही.

तर त्याची पोरगी, ते इंजिनियरिंगले आहे, सुटीत एक हिरवी पट्टी, रंगीत वायरी अन् दोन आगपेट्यांएवढा पडदा घेऊन आली. बेल दाबली की पडद्यावर लिहून येईन, आजी वाचीन, मंग कुलूप कायले लावता, असं तिनं बापाले सांगितलं होतं. पडद्याले सोळा पाय. एकेक वायर लावत दिवसभर बसली. पडदा निळा पेटला, पण कोरा. सगळं उपसून पुन्हा लावलं, तरी कोराच. रडकुंडीले आली. मी विचारलं, हा इवलासा स्क्रू कायचा? तिनं वहीत लिहून दाखवलं, अक्षर गडद करायचा. म्हटलं, मंग फिरव ना बाई. शेवटी भाजीच्या सुरीच्या टोकानं मीच फिरवला. अक्षरं वर आले, पण इंग्रजी. मराठी त्याले येतच नाही. आपण ठिपके भरून काढून द्या लागते, अन् आठच अक्षरांपुरते खाने भेटतात. पोरीनं वहीत लिहिलं, फूल काढू का? मी म्हटलं, फूल पाहून मी दार उघडीन का? गणिताच्या वहीत चौकोन पाडून, पेन्सिलनं ठिपका ठिपका भरत आमी दोघींनं ‘कोणी आलं’ लिहिलं. चौथीतून निघाल्यावर इतकं जपून मी काहीच लिहिलं नव्हतं.

पोरगी गेली. पोरानं उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. पडदा ओट्याजवळ लावला, अन् मी त्याच्याकडे तोंड करून बसून राहिली. भाकर करपते, पण नजर हालत नाही. दिवस दिवस तो कोराच असते, अन् आता स्क्रूले दोष देता येत नाही.

तू उंबरठ्यात बसत होती. कान गेल्यावर सकाळपासून, रस्त्याकडे तोंड करून. मी करवादत होती, "वाटेतून ऊठ, माय, लोकायले वाटते आमी तुले जेवाले देत नाही." तू तिथं कायले बसत होती ते आता समजलं. मंग तुहे पाय गेले, अन् आमी तुले मागच्या खोलीत खाटेवर टाकलं. रोज संध्याकाळी विचारत होती, "कोन आलं होतं वं?" मी हात हालवत होती, कोनी नाही.

हे मी त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून राहिली आहे. पोस्टात टाकायचं नाही. लोक येत होते, माय. बाळापूरची तुही मैतरीन तर एवढ्या उन्हात दोनदा आली. तुह्या कानाशी ओरडायचा मले कंटाळा येत होता. मी दारातूनच सांगत होती, माय झोपली आहे. तू झोपलेली नव्हती.