दुसरी गोळी

१२ ऑगस्ट
आबांची एकनळी बंदूक ठाण्यात जमा करून आले. वडिलांचा परवाना त्यांच्याबरोबर संपतो म्हणे. जमादाराने चिठ्ठी बांधून कपाटात उभी केली. दस्ता आबांच्या हाताने काळा पडलेला. पुसावासा वाटला, पुसला नाही.
त्या दिवशी आबा मका राखत होते. दिवस मावळायचा होता, मी बांधावर डबा घेऊन. बार लागला, डुक्कर पडलं नाही. नळी मोडून दुसरं काडतूस घालत होते तेवढ्यात ते वळलं. मांडीची शीर तुटली. भडगावच्या दवाखान्यापर्यंतही...
पुरे.

१५ ऑगस्ट
भूषण जळगावहून आला. कारखान्याला सुटी. जेवताना माझा भाऊ आबांसारखाच दिसतो, मान खाली घालून, भराभर. म्हणाला, "अक्का, एकनळी आता घरात नको. घोडा ओढला की दुसरी गोळी आपोआप तयार पाहिजे. सेमी-ऑटो." पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. माय दिवस कलला की आतून कडी लावून बसते.

२१ ऑगस्ट
धुळे. बंदुकीचं दुकान. म्हातारा दुकानदार, चांगला माणूस. सेमी-ऑटो रायफल आपल्यासारख्याला फक्त बावीस बोअरची, बारीक गोळीची मिळते. "डुकराला ती चावते बाई, पाडत नाही. उलट खवळतं. शेतासाठी बारा बोअर घ्या." रायफल हातात मात्र दिली. हलकी होती. आबांच्या हातात ही असती तर, असं बसमध्ये पारोळ्यापर्यंत मनात चाललं होतं.
भू.ला फोनवर सांगितलं. "बावीस? खेळणं आहे ते." बारा बोअरही नको. मोठी रायफलच हवी. ती मिळत नाही म्हटलं तर, "मिळत नाही ना? मग बनते."

२९ ऑगस्ट
जळगाव, कलेक्टर ऑफिस. अर्ज दिला. बारा बोअर, सेमी-ऑटो.
"अर्जदार कोण?"
"मी."
"मिस्टरांना आणा."
"सोडून आले त्यांना."
"मग भावाच्या नावाने करा ना ताई."
"भाऊ जळगावला कारखान्यात लेथ चालवतो. शेतात मी राहते."
कारकुनाने शिक्का मारला. डोळे वर केले नाहीत. पोलीस चौकशी, मग सुनावणी, मग बघू. डुक्कर मारायची परवानगी वनखात्याची, ती वेगळी.

९ सप्टेंबर
डुकराने खालच्या अंगाचा मका पुन्हा लोळवला. पायाचे ठसे आबा पडले तिथूनच गेलेत. कणसं गोळा केली नाहीत. गुरांना सोडलं.
भू.चा फोन. "तू कागद फिरव. मी बंदूक बनाडस." हसत होता. मीही हसले.

१४ सप्टेंबर, रविवार
हसायला नको होतं.
विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत फवारणी पंपाच्या खोक्यात, गोणपाटाखाली. बंदुकीचे काही भाग कुणाकडून आणलेले, काही त्याने स्वतः लेथवर केलेले. सुबक. त्याचं काम सुबकच असतं, तेच वाईट.
"भूषण, हे सापडलं तर तू आत जाशील. माझा अर्जही गेला."
तापला की अहिराणीवर येतो. "आबा गयात तवय कोन उनं व्हतं?"
खरंच कुणी आलं नव्हतं. शेवटी नेतो म्हणाला. पुढच्या रविवारी.
नेणार नाही.

२० सप्टेंबर
चौकशीला हवालदार आले. खाटेवर बसून चहा घेतला, आबांची विचारपूस केली. भला माणूस. "घरात दुसरं काही हत्यार?" म्हटलं, "कोयता, कुऱ्हाड." त्यांनी लिहिलं, वर्तणूक चांगली. मोटारीची खोली हाकेवर.
खोकं तिथेच आहे. आज विहिरीत टाकता आलं असतं. गेले, हात लावला, परत आले. डुक्कर पुन्हा आलं तर? हा विचार माझाच होता, भू.चा नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
कोयता, विळे, कुऱ्हाड पाटावर मांडले. भू.ने आतून टॉवेलात गुंडाळलेलं आणलं आणि शेजारी ठेवलं. पूर्ण जोडलेली बंदूक.
मायकडे पाहिलं. तिने टॉवेल बाजूला सारला, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.
"माय, तुले माहीत व्हतं?"
"त्यासनी बंदूक ठाणामा पडेल शे. घरमा आते हाईच शे."
मीही हात जोडले. का जोडले माहीत नाही.

६ ऑक्टोबर
धुळे, दवाखाना. काल लिहिता आलं नाही.
दुपारी भू. नाल्याकडे गेला, एकदा चालवून बघतो म्हणाला. मी कापूस वेचत होते. एक बार ऐकला. दुसऱ्याची वाट पाहिली. दुसरा नुसता फुटल्यासारखा, वेगळाच. पळाले. भू. बसलेला, उजवा हात डाव्यात धरून, स्वतःच्या हाताकडे बघत. ओरडतही नव्हता.
डॉक्टरांना म्हटलं, मोटारीचा स्टार्टर फुटला. त्यांनी जखमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोलिसांना कळवावं लागतं ताई."

८ ऑक्टोबर
अंगठा गेला. शेजारची दोन बोटंही. डोळा वाचला.
शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "लेथ?" मी उशी सारखी केली.
मायचा फोन. नाल्यावर पडलेलं बंदुकीचं सगळं तिने उचललं. कुठे टाकलं, सांगत नाही. "तू ईचारू नको."

१० ऑक्टोबर
जळगावहून फोन, त्याच कारकुनाचा. अर्ज पुढे सरकला. सोमवारी साहेबांसमोर सुनावणी. "नशीबवान आहात ताई, एवढ्या लवकर होत नाही."
हो म्हटलं.

१२ ऑक्टोबर
पोलीस येऊन गेले. भू. झोपेत होता, म्हणून उद्या येतो म्हणाले. आधी त्याचा जबाब, मग माझा.
खरं सांगितलं तर तो आत. स्टार्टर सांगितला तर तेही किती दिवस... डॉक्टर काय लिहितील? माय एकटी घरी, कडी लावून. उद्या सुनावणीही आहे, जळगावला. एका वेळी एकाच ठिकाणी जाता येईल.
संध्याकाळी भू. डाव्या हाताने वरणभात खायला शिकत होता. सगळं चादरीवर. मी भरवायला गेले तर चमचा सोडेना.
"अक्का, तू काय सांगशी?"
"जेव आधी."
जेवला नाही. माझ्याकडे बघत राहिला.